कार्बन ट्रायपॉड आणि कोकणचं खारं पाणी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हा ट्रायपॉड घरी आला आणि आता फेब्रुवारी संपत आलाय. मृगाच्या पहिल्या सरीपासून आंब्याच्या मोहोरापर्यंत तो माझ्यासोबत आहे. या काळात किनाऱ्याच्या सतरा फेऱ्या झाल्या. चिपळूणहून गाडी काढायची, कधी गुहागरवरून तवसाळला जाऊन फेरीबोटीनं जयगडला उतरायचं, कधी महामार्गानं राजापूर गाठून खाली जैतापूर, देवगड, मालवण, पार निवतीपर्यंत. शनिवार-रविवारची नोकरदार भटकंती, पण पाऊस असो की ऊन, चुकवली नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे, आणि ती एका कंपनीपुरती नाही. याच बांधणीचे ट्रायपॉड बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात. कार्बनचे चार भागांचे पाय, पीळ देऊन घट्ट होणारी लॉक, काढता येणारा मधला दांडा, हेडसकट (कॅमेरा बसतो तो वरचा भाग) वजन दीड किलोच्या थोडं वर.

मुद्द्याचं आधी सांगते. कोकणात पावसानं ट्रायपॉड बिघडत नाही. पाऊस गोड्या पाण्याचा, तो उलट धुऊनच काढतो. घात करतं ते खारं पाणी, आणि तेही किनाऱ्यावर नाही, घरी आल्यावर. मला हे जुलैत कळलं. आरे-वारेच्या खालच्या पुळणीवर संध्याकाळभर लाटांत उभी होते, रात्री अकराला घरी पोचले, ट्रायपॉड पिशवीतून काढलाच नाही. दहा दिवसांनी एका पायाचं सगळ्यात खालचं लॉक फिरेना. पडवीत वर्तमानपत्र अंथरलं, रबराचा हातमोजा घालून पीळ दिला, तेव्हा करकर असा आवाज करत ते सुटलं. नळी बाहेर ओढली. तिच्यावर दोन अर्धगोल प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या हातात आल्या. त्यांच्या आतल्या बाजूला वाळूचे करडे कण चिकटलेले, आट्यांमध्ये मिठाची पांढरी भुकटी, आणि कारखान्यातून लावून आलेलं ग्रीज काळं पडून चिखलासारखं झालेलं. रबराच्या कडीवर एक बारीक शिंपल्याचा तुकडा रुतून बसला होता. नखानं काढला, तर खाली खाच पडलेली.

त्या दिवसापासून नियम केला. घरी आल्यावर आधी ट्रायपॉड, मग आंघोळ. न्हाणीत बादलीभर गोडं पाणी घ्यायचं, पाय पूर्ण लांब करून त्यात उभे करायचे, लॉक सैल करून दोन-तीनदा वरखाली करायचे, पुसून पंख्याखाली रात्रभर उघडे ठेवायचे. लाटेत उतरलेला असेल तर नळ्या पूर्ण बाहेर काढून जुन्या टूथब्रशनं आट्या घासायच्या आणि वॉटरप्रूफ ग्रीज अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकंच लावायचं. या सगळ्याला पाऊण तास लागतो. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका. थंडीत ते थिजतं आणि वाळू धरून ठेवतं. आमच्या आत्याकडे शिलाई मशीनला चालतं, पण ते मशीन समुद्रात उतरत नाही.

आता तक्रार. पाय जिथे वरच्या ॲल्युमिनियमच्या भागाला जोडलेले असतात, तिथले बोल्ट स्टेनलेसचे आहेत असं दुकानात सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये त्यातल्या दोघांवरून गंजाचे तांबडे ओघळ उतरले आणि बोल्टभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, की त्यातला कमजोर धातू झिजायला लागतो. ॲल्युमिनियम अशा वेळी नेहमी मार खातं, कार्बनच्या शेजारी तर जास्तच. दुरुस्ती केंद्रातून उत्तर आलं की खाऱ्या पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. समुद्रकिनाऱ्याचे फोटो छापलेल्या खोक्यात आलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर मला पटलेलं नाही. शेवटी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानातून ३१६ ग्रेडचे बोल्ट घेतले. नेहमीचं ३०४ ग्रेडचं स्टील खाऱ्या हवेत डागाळतं, ३१६ बरंच टिकतं. खर्च अगदी किरकोळ, आणि तेव्हापासून एकही डाग नाही. तुम्ही घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात हे बोल्ट बदलून टाका.

वाऱ्यात तो कसा उभा राहतो, यासाठी जून-जुलैचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. वारा नैर्ऋत्येकडून, सलग, आणि त्यात शिंतोडे. हलकेपणा घाटात चढताना सुख देतो, कड्यावर मात्र तोच आड येतो. मधल्या दांड्याच्या हुकाला बॅग लटकवा असं सगळे सांगतात. कोकणातल्या वाऱ्यात लटकती बॅग घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि फोटो आणखी हलतो. मी हुकाला सुंभाची दोरी बांधते, खाली फास ठेवते आणि त्यात पाऊल घालून दोरी ताणून धरते. सुंभ ओला झाला तरी निसटत नाही. मधला दांडा तर जूनमध्येच काढून ठेवला, तो पुन्हा बसवलेला नाही. असं करून लेन्सवर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश चौसष्टपट कमी करणारी गडद काच लावली आणि एक पंधरांश सेकंदाचं एक्स्पोजर चार सेकंदांवर नेलं, तरी कड्याच्या रेषा धारदार येतात.

लेन्सवरच्या थेंबांना ट्रायपॉड काही करू शकत नाही, पण जागा निवडली तर त्रास अर्धा होतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे खाडीच्या किंवा पुळणीच्या दक्षिण टोकावरून उत्तरेकडे बघायचं. जूनअखेरीला सूर्यही वायव्येकडे सरकून मावळतो. आपल्या अक्षांशावर जून आणि डिसेंबरच्या सूर्यास्तांच्या जागांत जवळजवळ पन्नास अंशांचं अंतर पडतं. डावीकडे छत्री आडवी धरली की पावसाळ्यातला सूर्यास्त सापडतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या पुळणीवर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. काळं आभाळ, ओली वाळू आणि त्या झाकलेल्या होड्या, हे चित्र वर्षात फक्त या दोन महिन्यांत मिळतं. मला वाटतं कोकणची खरी ओळख त्यातच आहे, निळ्या पाण्यात नाही.

वाळूत तीन पाय कसे ठेवायचे हेही शिकावं लागलं. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड हळूहळू खचत जातो. पाय वीतभर दाबायचे, दोन लाटा जाऊ द्यायच्या, पुन्हा दाबायचे, मगच शटर. खालचं लॉक पाण्याच्या वर राहील असं बघायचं. म्हणजे सर्वांत खालचा भाग पूर्ण बाहेर काढायचा आणि उंची वरच्या भागांवर कमी करायची. दुकानात नेमकं उलटं शिकवतात, जाड नळी आधी उघडा म्हणून. कोरड्या जमिनीवर ते बरोबरच आहे.

भरती-ओहोटीसाठी मी अजूनही घरातलं कालनिर्णय बघते. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा अंदाज येतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. याचा फोटोच्या दृष्टीनं अर्थ फार मोलाचा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो, आणि त्याच वेळी सूर्य कलतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताला पाणी चढलेलं, खडक गायब. मात्र हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला जास्त लागू आहे. दक्षिणेला जावं तशी भरती आधी येते.

हे न धरल्यामुळे नोव्हेंबरात निवतीला मी फसले. पौर्णिमा होती, खडकांवर पाऊण तास जागा शोधली, ट्रायपॉड एका घळीत नीट बसवला, पश्चिमेला ढगांच्या खालून तांबडं येऊ लागलं. कालवं काढून परतणाऱ्या एक आजी थांबल्या.

“गे बाय, थंय रव नको. पाणी भरूक लागला.”

“हो आजी, पाचच मिनिटं.”

“पाच मिनटांत तुझ्या कमराक लागतला.”

मागे बघितलं तर ज्या दगडांवरून आले होते त्यांतले दोन बुडाले होते. आजींनी माझी बॅग घेतली, मी ट्रायपॉड पाय न मिटता खांद्यावर टाकला, आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. त्या संध्याकाळचा फोटो नाही. एका पायाच्या टोकाला पकडीसाठी बसवलेला टोकदार खिळा मात्र तिथेच घळीत राहिला. मूळचा खिळा सुटा मिळत नाही असं कळलं, म्हणून चिपळूणला लेथवाल्याकडून स्टेनलेसचे तीन नवीन वळवून घेतले. ते मूळच्यापेक्षा लांब आहेत आणि जांभ्याच्या भोकांत फार छान बसतात.

पण खिळे सगळीकडे वापरायचे नाहीत. सप्टेंबरात राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर गेलो, भाऊ गाडी चालवत होता. कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती बघायचा होता. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तिथे रबराचेच पाय, आणि तेही कोरीवकामाच्या बाहेर. जांभा दिसायला कणखर असला तरी खिळ्यानं त्याचा टवका उडतो. त्याच दिवसांत सडा ‘सीतेची आसवं’ या फुलांनी जांभळा झालेला असतो, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके, आणि नीट बसून बघितलं तर ओलसर मातीत ‘दवबिंदू’ नावाच्या रोपाची चिकट लाल पानं. ही झुडपं बोटाएवढी. मधला दांडा नसल्यामुळे ट्रायपॉड जमिनीला जवळजवळ चिकटतो, आणि फुलांच्या मागे सरकत जाणारी सर एकाच फोटोत मावते. इथे या वस्तूनं पैसे वसूल करून दिले. पाय कुठे टेकतोय ते मात्र प्रत्येक वेळी वाकून बघा. एका पायाखाली पंधरा-वीस फुलं सहज जातात.

ऑक्टोबरबद्दल एकच गोष्ट, पण ती कुणी सांगत नाही. हस्ताचा पाऊस दुपारनंतर सह्याद्रीकडून येतो, समुद्राकडून नाही. सूर्य समुद्रात टेकत असताना पूर्वेला डोंगरावर उभे राहिलेले ढग तांबूस होतात, त्यांत विजा चमकतात, आणि पुळणीवरची सगळी माणसं पश्चिमेकडे बघत असतात. पाठ फिरवा. विजा डोक्यावर आल्या तर मात्र ट्रायपॉड सोडून गाडीत जा. कार्बनमधून वीज वाहते.

थंडीत वशिष्ठीवर गोवळकोटच्या बाजूला पहाटे धुकं धरतं, तिथे ट्रायपॉडनं काहीच त्रास दिला नाही. दव पडून हेड ओलं होतं, एवढंच. गाडीतल्या एसीनं लेन्सवर वाफ धरते, त्यामुळे पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडते. जानेवारीनंतर धुरकं वाढतं, शेतं भाजतात त्या भाजावळीचा धूर मिसळतो, लांबचं काही स्पष्ट दिसत नाही. त्या दिवसांत मी खाडीतल्या जवळच्या गोष्टींकडे वळते.

हाच ट्रायपॉड पुन्हा घेतला असता का, असं दोघा-तिघांनी विचारलं. कार्बन पुन्हा घेईन, मधला दांडा काढता येणारा घेईन, पीळ देऊन बसणारी लॉकच घेईन, कारण ती हातानं उघडून साफ करता येतात. चार भागांचे पाय मात्र घेणार नाही. चार भागांत नऊ लॉक येतात, तीन भागांत सहाच. मिटल्यावर ट्रायपॉड वीतभर लांब होईल, पण तो गाडीच्या डिकीत आडवा मावतो, मी मोजून बघितलंय. रविवारी रात्री न्हाणीत बसून तीन लॉक कमी घासावी लागतील.