टप्पेवार करार आणि मोजमापाची वही: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घराच्या बांधकामावर टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचा करार आणि मोजमापाची वही ही जोडी पायापासून रंगापर्यंत वापरून झाली. ठेकेदार असा, की आठवड्यातून तीन दिवस साइटवर माणसंच नाहीत. कराराने तो सुधारत नाही, हे आधीच सांगतो. फक्त न झालेल्या कामाचे पैसे आपल्याच हातात राहतात.

विभागणी अशी: ॲडव्हान्स 10 टक्के, जोत्यापर्यंत 20, स्लॅब 25, विटकाम-प्लास्टर 20, फिनिशिंग 15, ताब्याला 5 आणि शेवटचे 5 ताब्यानंतर 12 महिने रोखून. गोची झाली ती ‘स्लॅब झाल्यावर’ या दोन शब्दांनी. काँक्रीट ओतलं की संध्याकाळी बिल हजर! टप्पा तपासता येईल अशा गोष्टीवर संपला पाहिजे: निदान सात दिवस पाणी मारलं, सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) उतरवल्यावर हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधल्या पोकळ्या, दिसला नाही, क्यूबचा (त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याचा) 28 दिवसांचा ताकदीचा निकाल आला. निकालासाठी सगळे पैसे अडवले तर काम थांबतं, म्हणून 25 पैकी 20 सेंटरिंग उतरल्यावर आणि 5 निकालावर ठेवणं बरं.

झाकल्या जाणाऱ्या कामाचं कलम सगळ्यात कामाचं. काँक्रीट, प्लास्टर किंवा फरशीखाली काहीही जाण्याआधी 24 तास कळवायचं; न कळवता झाकलं तर उघडण्याचा खर्च ठेकेदाराचा. पाइप आणि वॉटरप्रूफिंगला हे कलम चालतं, स्लॅबला नाही, कारण ओतलेला स्लॅब कोणी फोडत नाही. तिथे ओतण्याआधीच बघायचं. कव्हर ब्लॉकच्या (सळई साच्यापासून वर धरणाऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) जागी विटेचे तुकडे दिसले की काम थांबवा. वीट पाणी धरते आणि सळई आतून गंजते. सळईचा एक मीटर तुकडा काट्यावर ठेवा: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर किलोत. म्हणजे 12 मिमीला साधारण 890 ग्रॅम, 8 मिमीला 395. थोडा फरक चालतो, पण 12 मिमीची सळई 800 ग्रॅम भरली तर ती परत पाठवा. टेप लावून फोटो काढा.

वहीत तारीख, काम, लांबी-रुंदी-उंची आणि दोन सह्या. ठेकेदार सही टाळतोच. मग त्याच दिवशी पानाचा फोटो त्याला पाठवायचा. ‘दोन दिवसांत लेखी हरकत नाही आली तर मोजमाप मान्य’ हे वाक्य करारात आधीच हवं. जादा कामालाही हीच शिस्त. ‘करून टाकू, नंतर बघू’ याचा अर्थ नंतर मोठं बिल. दर आणि वाढीव दिवस लिहिल्याशिवाय हातोडी लागू द्यायची नाही.

काम बंद पडलं की फोनवर भांडून उपयोग नाही. अपुऱ्या कामांची यादी जोडून लेखी नोटीस द्या, करारात ठरली असेल तेवढी मुदत द्या (7 ते 14 दिवस पुरतात), आणि ‘नंतर काम दुसऱ्याकडून करून घेऊ, जादा खर्च तुमच्या बिलातून’ हे स्पष्ट लिहा. दुसरा माणूस साइटवर येण्याआधी पहिल्याच्या कामाचं संयुक्त मोजमाप हवंच. पहिला आला नाही तर त्रयस्थ इंजिनिअरकडून. हे चुकलं तर कोणाचं काम कुठे संपलं ते कोणालाच सांगता येत नाही आणि दावा लंगडा पडतो.

मालकही इथे घसरतात. थोड्या दुरुस्तीसाठी अख्खं बिल अडवलं तर करार मोडणारे आपणच ठरतो. ठेकेदाराच्या सेंटरिंगच्या प्लेटा आणि टेकू अडकवून ठेवणं तर सरळ अंगाशी येतं.

या करारात एक भोक राहिलं: ठेकेदाराने मजुरांचे आणि माल देणाऱ्यांचे पैसे दिले की नाही, हे त्यातून कळत नाही. काही देशांत अशी थकबाकी मालकाच्या मिळकतीवरच बोजा म्हणून चढते. प्रत्येक बिलासोबत मागच्या टप्प्याच्या पावत्या मागाव्यात. ॲडव्हान्सही रोख 10 टक्के देण्यापेक्षा साइटवर उतरलेल्या मालावर, पावती बघून द्यावा. पुढच्या करारात हा बदल पहिला.