भुऱ्याच्या आठवणीच्या वस्तू: मे ते मार्च, काय टिकलं आणि काय गेलं

घरचं कुत्रं गेलं की पहिल्या आठवड्यात माणूस सुचेल ते करून घेतो. पंजाचा ठसा, मोठा फोटो, नाव कोरलेला दगड, कडेला झाड. सगळं त्या आठवड्यात छानच दिसतं. खानदेशात त्याची परीक्षा नंतर सुरू होते: मेमधला 45 अंशांचा पारा, खोलीत दिवसभर ओली हवा फेकणारा कूलर, मग आषाढ-श्रावणातली ओल आणि शेतात फुगणारी काळी माती. हा अनुभव रावेर भागातल्या केळीच्या मळ्यातल्या घराचा आहे, 10 महिन्यांचा. कुत्रं गावठी, रंगानं भुरं, वय 14. नाव अर्थातच भुऱ्या.

सुरुवात ठशापासून, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ठसा जिवंतपणी घेता आला तर उत्तम. नंतर घ्यायचा झाला तर पहिल्या दोन-तीन तासांत घ्यावा. पुढे पाय ताठ होतो, बोटं फाकत नाहीत, आणि उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. पिसाळल्याची जराही शंका असेल तर ठसा, केस, पट्टा सगळं विसरायचं आणि उघड्या हातानं शिवायचंच नाही.

पहिला ठसा मिठाच्या कणकेत घेतला होता: दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी. हा प्रकार आपल्याकडे चालत नाही. मे महिन्यात उन्हात ठेवला तर वरचा पापुद्रा आधी वाळून आक्रसतो, आत ओल तशीच राहते आणि टाचेच्या गादीवरूनच चीर जाते. सावलीत हळूहळू वाळवला तर तडा जात नाही, पण आषाढ काढत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. ठसा घामेजतो, मऊ पडतो, कडेनं काळी बुरशी धरतो आणि मुंग्यांना पत्ता लागतो. वार्निश मारून फार तर महिनाभर पुढे ढकलता येतं.

टिकला तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा. यात पंजा प्लास्टरमध्ये थेट दाबायचा नाही. जमताना प्लास्टर चांगलंच तापतं, जिवंत कुत्र्याची कातडी भाजू शकते. शिवाय केस अडकतात ते वेगळंच. आधी साचा करायचा. शाडू मिळाली तर शाडू, नाहीतर बांधावरची काळी माती खडे काढून, लोण्यासारखी मळून. तिचा दीड इंच जाड थापा ताटलीत घ्यायचा. पंजाला खोबरेल लावायचं, बोटांमधले लांब केस कापायचे आणि पंजा सरळ खाली अर्धा इंच दाबून सरळच वर उचलायचा. तिरपा उचलला की नखांच्या खुणा फाटतात. पुढचा पंजा घ्यावा, तो मोठा असतो आणि चार बोटं व मधली गादी स्वच्छ उमटते.

मग एका वाटी पाण्यात दोन वाट्या पावडर. पावडर पाण्यात भुरभुरायची. पावडरीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. पाणी माठातलं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं कोमट पाणी घेतलं तर ढवळता ढवळता घट्ट होतं आणि ओतायला वेळच उरत नाही. ओतून झालं की ताटली खालून टिचक्यांनी ठोकायची, बुडबुडे वर येतात. तासाभरानं माती सोडवायची आणि सावलीत पाच-सहा दिवस वाळू द्यायचं. हाती येतो तो उंचावलेला पंजा. खोलगट ठसा हवा असेल तर या पंजाला साबणाचं दाट पाणी तीनदा लावून त्यावर पुन्हा प्लास्टर ओतावं. दहा महिन्यांत याला काही झालं नाही, फक्त तो घरातच ठेवायचा. पावसात ठेवला तर जमलेलं प्लास्टर, म्हणजे जिप्सम, थोडं थोडं विरघळतं आणि दोन पावसाळ्यांत नखं गुळगुळीत होतात.

कागदावरच्या ठशाची गोष्ट निराळी. शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई खिडकीसमोर चार महिन्यांत उडाली. त्याच दिवशी गेरूत घेतलेला ठसा आहे तसा आहे. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, उन्हानं उडत नाही. पोळ्याला बैलांच्या अंगावर उठवायला आणलेली पुडी घरात होतीच. दोन चमचे गेरू, एक चमचा पाणी आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी अर्धा चमचा. डिंक विसरला तर वाळल्यावर हात लागेल तिथे पुसतो. हल्ली पुडीत रंग मिसळलेला असू शकतो, म्हणून आधी कागदावर एक ठिपका देऊन अर्धा झाकावा आणि आठ दिवस उन्हात ठेवावा. दोन्ही अर्धे सारखे दिसले तर गेरू खरा. हळदीत ठसा घेऊ नये, दिसतो सुंदर आणि उन्हात पार उडतो.

फोटोबद्दल थोडक्यात. फ्लेक्सवर मोठा करून बाहेर लावला तर पहिल्या उन्हाळ्यातच फिका पडतो. घरच्या इंकजेट प्रिंटचंही तेच. फोटो लॅबमधला, फोटोच्या कागदावर काढलेला फोटो घ्यावा, आणि फ्रेम करणाऱ्याला काच व फोटो यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगावं. काच थेट टेकली आणि भिंत कूलरच्या समोरची असली की ओलीनं फोटो काचेला चिकटतो. सोडवायला गेलं तर वरचा थर काचेवरच राहतो. सागाची फ्रेम सोडली तर बाकी बहुतेक लाकडांना वाळवी शोधत येते. कपावर आणि उशीवर फोटो छापून मिळतात, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता पट्टा. चामड्याच्या पट्ट्यात अंगाचा मळ आणि तेल भरपूर मुरलेलं असतं, त्यामुळे श्रावणात त्यावर पांढरी बुरशी हमखास. पितळी बकलावर हिरवा थर येतो, तो चिंचेनं जातो. मात्र बकल काढून घासावं, चिंच चामड्याला लागू नये. त्याआधी गोचिडांचा विचार करा. कुत्रं गेल्यावर गोचीड अंगावरून उतरून दुसरं जनावर शोधतात आणि पट्ट्याच्या शिवणीत लपून राहतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत पट्टा घट्ट बांधून मेच्या उन्हात पत्र्यावर दिवसभर ठेवला की काम होतं. नंतर झटकून, कोरड्या फडक्यानं पुसून, काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. निळ्या दाण्यांची पुडी बरी, ओल धरली की गुलाबी होते आणि बदलायचं कळतं. डांबरगोळ्या टाकू नयेत. पट्ट्याला जो वास असतो, ज्यासाठी तो ठेवलाय, तोच त्या मारतात. तसाही वास सहा महिन्यांच्या पुढे फारसा राहत नाही.

कुत्रं पार्व्होनं, म्हणजे कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारानं, गेलं असेल तर अंथरूण, गोणपाट, लाकडी फळी काहीही आठवण म्हणून ठेवू नका. तो विषाणू जमिनीत वर्षभरही तग धरतो आणि पुढचं पिल्लू त्याला बळी पडतं. फरशी ब्लीचनं धुवायची आणि लसीचे डोस पूर्ण झालेलंच पिल्लू त्या अंगणात सोडायचं.

पुरण्याची जागा हा सगळ्यात मोठा भाग, आणि काळ्या मातीत त्याचं गणित वेगळं. मेमध्ये या जमिनीला दोन-तीन फूट खोल भेगा पडतात. तीन फुटांच्या खड्ड्यात पुरलं तर वास त्याच भेगांतून वर येतो आणि रात्रीतून मोकाट कुत्री किंवा कोल्हा उकरून जातो. खड्डा किमान चार फूट, अंगावर तीन फूट माती, आणि ती एकदम न ढकलता वीतभर थर, थोडं पाणी, धुमसणं, पुन्हा थर. वर फूटभर ढिगारा ठेवायचाच. पहिल्या दोन पावसांत तो बसून जमिनीबरोबर येतो. ढिगारा नसेल तर तिथे डबकं होतं. विहिरीपासून आणि बोअरपासून शंभर फूट तरी लांब. गुंडाळायला जुनं सुती धोतर किंवा लुगडं, प्लास्टिक नाही.

मीठ आणि चुना टाकायची पद्धत सगळीकडे आहे. चुन्यानं वास कमी होतो हे खरं, पण कुजणं लवकर होत नाही, उलट लांबतं. मिठानं पुढे तिथे काही उगवत नाही. आणि डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन शांत केलेलं असेल तर खड्डा किती खोल याबाबत अजिबात तडजोड करू नये, कारण ते औषध शरीरात टिकून राहतं आणि उकरून खाणारं जनावरही मरतं.

झाड थेट वर लावू नये, ही चूक जवळजवळ सगळेच करतात. कुजताना खाली अमोनिया आणि क्षार वाढतात, हवा कमी होते, कोवळी मुळं जळतात. तीन फूट बाजूला लावलं की मुळं आपल्या वेळेनं तिकडे पोचतात. आषाढात लावलेला कडुनिंब आता कंबरेला लागतो. कडू असला तरी शेळ्या तो सोडत नाहीत, म्हणून बोराटीच्या काट्यांचं कुंपण. पाण्यासाठी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं शेजारी गाडलंय, मार्चमध्ये चार दिवसांआड भरलं तरी पुरतं.

नावाची काळ्या दगडाची पाटी जूनमध्ये नुसती मातीत रोवली होती. सप्टेंबरपर्यंत एवढी कलली की नाव वाचायला मान तिरकी करावी लागे. माती फुगली, मग आक्रसली, दगड हलला, साधं कारण. ती काढून दीड फूट खड्डा केला, काळी माती बाहेर फेकली, चार-चार इंचांचे मुरमाचे थर पाणी मारून धुमसले आणि मग पाटी बसवली. तेव्हापासून सरळ आहे. अक्षरं कोरूनच घ्या. ऑइलपेंटचं नाव दुसरा उन्हाळा बघत नाही. कोरलेल्यातला रंग गेला तरी खाच राहते.

आवाजाकडे मात्र कुणी वेळेवर लक्ष देत नाही. भुऱ्याचं भुंकणं कितीतरी व्हिडिओंत आहे, पण तो शेपटीनं पत्र्याची धान्याची कोठी वाजवायचा तो आवाज एकाच व्हिडिओत, तोही मागे टीव्ही चालू असताना. शहाबादी फरशीवर नखांची टकटक कुठेच नाही. कुत्रं म्हातारं असेल तर आजच पंखा, कूलर, टीव्ही बंद करून फोन जमिनीवर ठेवा आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ दाबला जातो. तीन प्रती, तीन वेगळ्या ठिकाणी. एकटा पेनड्राइव्ह भरवशाचा नाही.

सवयी लिहून ठेवायची वही दुसऱ्याच दिवशी सुरू करावी. ‘फार हुशार होता’ या वाक्यात कुठलंही कुत्रं बसतं. ‘इकडे ये म्हटलं तर मान फिरवायचा, आठे ये म्हटलं की यायचा’ हे फक्त भुऱ्याचं (आठे म्हणजे खानदेशी बोलीत इकडे). भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजली की तो देठ पळवून बाजेखाली रांगेत लावायचा, खायचा एकही नाही. भरीत त्याला देत नसत ते बरंच, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषच. अशा नोंदी पहिल्या पंधरवड्यात भराभर सुचतात. महिन्यानंतर घरातल्या दोघांच्या आठवणी जुळत नाहीत. देठ किती असायचे यावर अजून एकमत नाही.

त्याची जर्मनची (ॲल्युमिनियमची) थाळी आहे तशीच ठेवली आहे. पाणी संपलं की तो ती दातात धरून आपटायचा, कडेनं सगळीकडे पोचे आहेत. थाळी ठोकून सरळ करायला किंवा पॉलिशला देऊ नये. चावलेल्या हवाई चपला मात्र पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या आणि मार्चपर्यंत रबर कडक होऊन दातांच्या खुणांपाशीच तडकलं. त्या खाली, गार खोलीत, डब्यात हव्यात.

आणि सगळ्यात चांगली टिकलेली वस्तू कुणी आठवण म्हणून केलीच नव्हती. उन्हाळ्यात तहान लागली की भुऱ्या ठिबक सिंचनाची 16 मिमीची नळी फोडायचा, आणि दरवेळी तिसऱ्या ओळीतलीच. तिथे जॉइनर टाकून टाकून जागा उरली नाही तेव्हा वीतभर तुकडा कापून काढला होता. त्यावर चार सुळ्यांची आरपार भोकं आणि पुढच्या दातांची ओळ स्पष्ट आहे. ठिबकच्या नळीत काजळी मिसळलेली असते ती उन्हापासून राखण्यासाठीच, त्यामुळे हा तुकडा पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा पंपाच्या खोलीबाहेर खिळ्याला लटकून जसाच्या तसा आहे. ज्यांच्याकडे कुत्रं आणि ठिबक दोन्ही आहे त्यांनी फोडलेली नळी भंगारात देण्याआधी एकदा बघावं.

आता रोहिण्या (मेअखेरचं नक्षत्र) लागायच्या आत करायचं ते एवढंच: पट्ट्याच्या बरणीतली पुडी बदलायची, कडुनिंबाच्या कुंपणावर नव्या बोराट्या टाकायच्या, पाटीभोवतीची भेग मुरमानं भरायची, गेरूचा कागद पावसाकडच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर न्यायचा. नळीला काही करायचं नाही.