फायबर कनेक्शनसोबत मिळणारं सामान आणि बसवणी: काय चांगलं, काय मागून घ्यावं

फायबर (काचेच्या बारीक तारेतून येणारं इंटरनेट) घेतलं की सगळीकडे साधारण तोच संच घरात येतो. बाहेरून ओढलेली चपटी ड्रॉप केबल, तिच्या टोकाला हिरवं एससी-एपीसी कनेक्टर, भिंतीवर बसणारी छोटी डबी, एक पॅचकॉर्ड (डबीपासून पेटीपर्यंतची छोटी फायबर), ओएनटी (आपण सरसकट राउटर म्हणतो ती पेटी), १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि मीटर-दीड मीटरची लॅन केबल. सोबत टेक्निशियनचा तासभर वेळ. या सगळ्यात काचेची तार सर्वांत भरवशाची. जागच्या जागी राहिली तर ती वर्षानुवर्षं चालते. रखडतं ते घरातल्या शेवटच्या १०-२० मीटरमध्ये: पेटी चुकीच्या कोपऱ्यात, केबल खिडकीत चेपलेली, कनेक्टर घाईत मारलेलं. पहिल्या दोन गोष्टी टेक्निशियन दारात यायच्या आधीच ठरवता येतात, आणि तिसरी त्याच्यासमोर उभं राहून तपासून घेता येते.

जागेपासून सुरुवात करू, कारण प्रमाणित बसवणीत सर्वांत कमी विचार इथेच होतो. सांगितलं नाही तर पेटी केबल जिथून आत येते तिथेच लागते, म्हणजे बहुधा दाराच्या मागे नाहीतर गॅलरीच्या खिडकीशेजारी. तिथून वाय-फायची निम्मी ताकद घराबाहेर जाते. पेटी घराच्या साधारण मध्यावर, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच, उघड्यावर हवी. लोखंडी कपाट, टीव्हीची मागची बाजू, मोठा आरसा, फिशटँक, फ्रिजचा माथा या जागा बाद. धातू आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब जातो पण हळू असतो, ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असतो पण काँक्रीटच्या दोन भिंतींनंतर त्यात फारसं काही उरत नाही.

जागा आधी तपासायची एक साधी रीत आहे आणि ती आम्ही प्रत्येकाला सुचवतो. एका फोनवर ५ गिगाहर्ट्‌झचा हॉटस्पॉट सुरू करून तो ठरवलेल्या जागी ठेवा. दुसऱ्या फोनवर सिग्नलचा आकडा दाखवणारं अ‍ॅप घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला आकडा (म्हणजे उणे ६०, उणे ५५) मिळाला तर ती खोली निर्धास्त. उणे ७५ च्या पलीकडे गेला तर तिथे व्हिडिओ कॉल अडखळणार. फोनचा अँटेना राउटरपेक्षा दुबळा असतो, त्यामुळे हॉटस्पॉटवर जी जागा पास होते ती राउटरवर सहसा नापास होत नाही. जागा ठरली की तिथे दोन मोकळे सॉकेट आहेत का बघा. एक पेटीला, दुसरा पुढेमागे लागणाऱ्या स्विचला किंवा दुसऱ्या राउटरला. एक्स्टेंशन बोर्डवर लोंबकळणारा अडॅप्टर हे नेट वारंवार बंद पडण्याचं अगदी क्षुल्लक आणि अगदी नेहमीचं कारण आहे.

आता केबलची वाट. कन्सिल पाइप असेल तर तो खरंच मोकळा आहे का, हे वायरमनची स्प्रिंग घालून आधीच बघून घ्या आणि आत एक मजबूत दोरी सोडून ठेवा. टेक्निशियनकडे स्प्रिंग असेलच असं नाही, आणि पाइप तुंबलेला निघाला तर तो पाचव्या मिनिटाला भिंतीवरून उघडी केबल मारायला लागतो. नवा पाइप टाकत असाल तर २० किंवा २५ मिलिमीटरचा घ्या. काटकोनी एल्बो लावू नका, लांब वळणाचे बेंड लावा, आणि दोन वळणांनंतर मध्ये एक बॉक्स ठेवा. विजेच्या पाइपमधून फायबर ओढू नका. काचेला विजेचं काही होत नाही हे खरं, पण बऱ्याच ड्रॉप केबलमध्ये ताकदीसाठी पोलादी तारा असतात. शिवाय पुढे कधी कोणी त्याच पाइपमधून वायर ओढली की फायबर गेलंच.

भोकाचा हिशोब आधी करा. नुसती चपटी ड्रॉप केबल साधारण २ बाय ३ मिलिमीटरची, ती ८ मिलिमीटरच्या भोकातून आरामात जाते. दोन्ही टोकांना कारखान्यातूनच कनेक्टर लावलेली तयार केबल असेल तर मात्र एससी कनेक्टर साधारण ९ बाय ७ मिलिमीटर भरतं, कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत १२ च्या जवळ. तिथे १४ चा बिट लागतो. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं, बाहेर केबलला खाली झोळ देऊन मग आत घ्यायची म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून जातं, आणि शेवटी सिलिकॉनने बुजवायचं. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल चालवू द्यायचं नाही. सरकत्या खिडकीच्या फटीतून केबल आत घेण्याचा पर्याय कोणी पुढे केला तर ठाम नाही म्हणा. काच त्या क्षणी तुटत नाही, रोज थोडी थोडी दबत जाते आणि महिन्याभराने ‘कधी चालतं कधी नाही’ अशी तक्रार सुरू होते. कारण शोधायला त्यानंतर दुप्पट वेळ जातो.

ड्रॉप केबलबद्दल आमचं मत चांगलं आहे. हल्ली घरात येते ती बहुधा जी.६५७ जातीची, वाकणं सोसणारी. तिच्यातल्या ए१ प्रकाराला किमान १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण चालतं, ए२ ला साडेसात. जुन्या जी.६५२ ला ३० लागायची. तरीही घरात ३० चाच नियम पाळा, म्हणजे गुंडाळीचा व्यास ६ सेंटिमीटरच्या खाली नको. चहाच्या बशीएवढी गुंडाळी डोळ्यांसमोर ठेवली की चूक होत नाही. डबीजवळ मीटर-दोन मीटर केबल शिल्लक ठेवायला सांगा. कनेक्टर पुन्हा मारायची वेळ आली की दरवेळी थोडी केबल कापली जाते. झिप टाय आवळून बांधलेला नको, स्टेपलर तर मुळीच नको. केसिंग पट्टी किंवा मापाच्या क्लिपा वापरा. बाहेरच्या केबलला जोडलेली जाड पोलादी आधारतार असेल तर ती बाहेरच क्लॅम्पला अडकवून तिथेच संपवायची, घरात आणायची नाही.

सगळ्या संचातला कच्चा दुवा म्हणजे जागेवर मारलेलं फास्ट कनेक्टर. उत्तम मारलेलं असेल तर ०.३ ते ०.५ डेसिबल इतकाच प्रकाश खातं, आणि त्यात काही वावगं नाही. पण उत्तम म्हणजे काय ते समोर उभं राहून बघा. वरचं आवरण सोलायचं, २५० मायक्रॉनचा लेप स्ट्रिपरने काढायचा, उघडी १२५ मायक्रॉनची काच अल्कोहोल लावलेल्या टिश्यूने पुसायची, मग क्लीव्हरने (काच सरळ तोडायच्या हत्याराने) काटकोनात तोडायची आणि मापानुसार कनेक्टरमध्ये सरकवून कुलूप लावायचं. यातलं पुसणं आणि क्लीव्हर या दोनच पायऱ्या घाईत गाळल्या जातात. कात्रीने तोडलेल्या काचेचं टोक वेडंवाकडं असतं. आत ते समोरच्या तुकड्याला नीट टेकत नाही, फक्त मधल्या जेलच्या भरवशावर प्रकाश जातो. पहिल्या दिवशी दिवे हिरवे दिसतात. उन्हाळ्यात जेल आणि प्लास्टिक हललं की लाल दिवा लुकलुकायला लागतो. क्लीव्हर बाहेर काढलेलं दिसलं नाही तर ‘क्लीव्हरने कापा’ हे दोन शब्द नम्रपणे आणि स्पष्टपणे म्हणा.

टेक्निशियनकडे स्प्लायसिंग मशीन असेल तर कारखान्यात बनलेलं पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) जोडून घ्या. विजेच्या ठिणगीने काच वितळवून केलेल्या सांध्यात ०.१ डेसिबलही जात नाही आणि तो सांधा डबीत सुरक्षित राहतो. अर्धा तास जास्त लागला तरी चालेल. खाली पडलेले काचेचे तुकडे चिकटपट्टीने उचलून बंद बाटलीत टाकायचे, झाडूने लोटायचे नाहीत. काम चालू असताना लहान मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, पायात चप्पल असू द्या. फायबरच्या टोकात डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझर असतो.

रंग जुळले पाहिजेत हेही लक्षात ठेवा. हिरवं एपीसी कनेक्टर ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळं यूपीसी सरळ. हिरवं निळ्यात बसतं, ‘टक’ असा आवाजही येतो, पण आत दोन टोकांमध्ये पाचरीसारखी फट राहते, सिग्नल पडतो आणि टोकं ओरखडतात. पॅचकॉर्ड हरवली म्हणून दुकानातून दुसरी आणताना दोन्ही टोकांचे रंग सांगूनच आणा.

काम झाल्यावर ‘नेट सुरू झालं’ एवढ्यावर सही करू नका. पॉवर मीटरवरचा किंवा पेटीच्या सेटिंगमधला ऑप्टिकल पॉवर आकडा मागा. नेहमीच्या जीपॉन बी प्लस जोडणीत (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) पेटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएममधला प्रकाश चालतो. ३२ घरांत वाटणारा स्प्लिटर एकटाच १७ डेसिबलच्या आसपास खातो, म्हणून उणे २० च्या आगेमागे आकडा दिसला तर घाबरू नका. उणे २५ च्या पुढे गेला तर तेव्हाच दुरुस्ती मागा, कारण जोडणी काठावर आहे. बाहेरच्या डबीत आणि घरातल्या टोकाला असे दोन आकडे घेतले तर आणखी बरं. दोन्हींत डेसिबलभराहून जास्त फरक असेल तर दोष घरातच आहे: कुठेतरी केबल मुडपली आहे नाहीतर कनेक्टर बिघडलं आहे. लाल प्रकाशाचा पेन आतून सोडला की मोडलेल्या जागी आवरणातून लाल चमक दिसते, विशेषतः पांढऱ्या केबलमध्ये.

पेटीबद्दल मत संमिश्र. छोट्या घराला ती पुरते. घेताना दोन गोष्टी बघा. वाय-फाय दोन्ही पट्ट्यांचं आहे का, आणि लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का. पोर्ट १०० मेगाबिटचे असतील तर प्लॅन ३०० चा असूनही वायरवर ९५ च्या वर काही मिळणार नाही. वेग मोजायचा तो लॅपटॉप वायरने जोडून. वाय-फायवरचा आकडा खोली आणि फोनवर ठरतो, त्यावरून कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही. वायरनेही ९५ लाच अडकत असेल आणि पोर्ट गिगाबिट असेल तर लॅन केबल बदलून बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक तुटली की वेग गुपचूप १०० वर उतरतो. मोठ्या घरात एका पेटीकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. दुसऱ्या टोकाला कॅट ६ केबल टाकून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (तिथून वाय-फाय देणारी दुसरी पेटी) लावा. केबल निखळ तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. नुसत्या वायरलेस रिपीटरची आम्ही शिफारस करत नाही. दोन्हीकडचं बोलणं एकाच पट्ट्यावर चालत असेल तर तो वेग जवळपास निम्मा करतो.

वीज जाते तिथे मिनी यूपीएस घ्यावाच. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे इमारतीची वीज गेली तरी कंपनीच्या बाजूला बॅकअप असेल तर तुमचं नेट चालू राहतं. यूपीएसचं आउटपुट १२ व्होल्ट आणि अँपिअर अडॅप्टरइतके किंवा जास्त हवेत. पिन बहुधा ५.५ बाय २.१ मिलिमीटरची असते, तरी मापून घ्या. डब्यावरचे एमएएच १२ व्होल्टचे समजू नका, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. ८००० एमएएच म्हणजे साधारण ३० वॉट-तास. १० वॉट खाणारी पेटी त्यावर अडीच तासांच्या आसपास चालते.

घराबाहेरून सीसीटीव्ही थेट बघायचा असेल तर सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा फक्त तुमच्या जोडणीचा पत्ता) मिळतो का हे अर्ज करतानाच विचारा. अनेक जोडण्या सामायिक आयपीच्या मागे असतात आणि तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) चालत नाही. जुनी लाइन नवी आठवडाभर नीट चालेपर्यंत बंद करू नका. टेक्निशियन गेल्यावर वाय-फायचा आणि पेटीच्या ॲडमिनचा असे दोन्ही पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वाय-फायला जोडायची सोय) बंद करा. पेटीच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा: ग्राहक क्रमांक, बसवल्याची तारीख आणि त्या दिवशीचा डीबीएम आकडा. पुढे कधी लॉसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर पॅचकॉर्ड कुठे दबली आहे का आणि हिरवं कनेक्टर पूर्ण आत बसलं आहे का एवढंच बघा. ते काढून फुंकर मारू नका, सदऱ्याला पुसू नका. प्रकाशाच्या वाटेतल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण पुरतो. दिवा तरीही गेला नाही तर तक्रार नोंदवताना चिठ्ठीवरचा जुना आकडा सांगा. आकडा सांगितला की येणारा माणूस पेटी पुन्हा चालू करून परत जात नाही, मीटर घेऊन येतो.