फोटो कुठे ठेवायचे, गूगल फोटोज की हार्ड डिस्क?

आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमपासून पोरांच्या बारशापर्यंत सगळं स्कॅन करून झालं की प्रश्न येतोच, ठेवायचं कुठे. मी दोन्ही वापरलंय म्हणून सांगते.

गूगल फोटोजचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे शोधणं, "समुद्र" टाईप केलं की सगळे कोकणातले फोटो समोर, चेहऱ्यावरून आजीचे वेगळे निघतात, आणि फोन हरवला तरी फोटो जात नाहीत. पण १ जून २०२१ पासून फुकट अनलिमिटेड बंद झालंय, आता फुकट फक्त १५ जीबी आणि त्यातच जीमेल, ड्राईव्ह पण. स्टोरेज सेव्हर (जागा वाचवणारी सेटिंग) ठेवलं तर १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो लहान होतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, बॅकअप चालू असताना अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला तर तो क्लाऊडवरूनही, म्हणजे गूगलकडच्या साठ्यातूनही जातो, ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो तेवढाच.

हार्ड डिस्कला महिन्याचं भाडं नाही, ओरिजिनल जसाच्या तसा राहतो, नेट लागत नाही. पण ती पडते! माझी टेबलावरून पडली, २०१४ चं अख्खं वर्ष गेलं, अजून वाईट वाटतं. शिवाय फोल्डर आपणच लावायचे, मी "२०१९-०५ गणपतीपुळे" असं वर्ष-महिना आधी लिहिते म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

एकच निवडायचं तर आळशी माणसाने गूगल घ्यावं, कारण डिस्क जोडायचं राहूनच जातं. मी मात्र ओरिजिनल दोन डिस्कवर ठेवते, त्यातली एक बहिणीकडे, आणि रोजचे फोटो क्लाऊडवर.