आधी एलीया घ्यावा की यिर्मया?

बायबलच्या जुन्या करारातल्या एखाद्या संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचं, चरित्र मन लावून अभ्यासायचं असेल, तर माझ्या मते निवड या दोघांतच करावी. आवड वेगळी असेल तर होशेय घ्या, आमोस घ्या. पण त्यांच्या आयुष्याबद्दल हाताला फार थोडं लागतं.

एलीया सुटसुटीत आहे. बायबलमधल्या ‘राजे’ नावाच्या दोन पुस्तकांपैकी पहिल्याचे अध्याय १७ ते १९ आणि २१, मग दुसऱ्याचे १ आणि २, एवढ्या सहा अध्यायांत त्याची गोष्ट उरकते. एका दुपारी वाचून होते. गडी येतो तोच थेट इस्राएलच्या अहाब राजापुढे. बापाचं नाव नाही, बालपण नाही. गिलादातला तिश्बी, एवढीच ओळख. पुढे कर्मेल डोंगरावर तो बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना आव्हान देतो आणि ऐन दुष्काळात वेदीवर चार घागरी पाणी तीनदा ओततो. पुढच्याच अध्यायात हाच माणूस रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर नि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. मग होरेब डोंगर. तिथे वारा, भूकंप, अग्नी सगळं होऊन गेल्यावर हिब्रूत तीनच शब्द येतात : ‘कोल दमामा दक्का’. ‘शांत, मंद वाणी’ हे भाषांतर कानाला बरं लागतं, पण मुळात आवाज आणि शांतता हे दोन्ही शब्द शेजारी बसलेत. या तीन शब्दांवर एक अख्खी संध्याकाळ जाऊ द्यावी.

अडचण अशी की चरित्र म्हणून धागे जुळवायला गेलात तर हातात फटीच जास्त येतात. अहाब इतिहासात पक्का आहे : इ.स.पू. ८५३च्या कर्करच्या लढाईत त्याचे २,००० रथ होते, असं अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात कोरलंय. एलीयाचा मात्र बायबलबाहेर त्या काळचा पुरावा नाही. त्याचं खरं दुसरं आयुष्य सुरू होतं ते वावटळीतून स्वर्गात गेल्यावर. ज्यू लोक वल्हांडण सणाच्या जेवणात त्याच्यासाठी पेला भरतात, सुंतेच्या वेळी खुर्ची मांडतात. आणि आपल्या कोकणात बेने इस्राएल ही ज्यू मंडळी अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं नि फळं यांचा मलिदा करून ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात. माणसाची आख्यायिका कशी होत जाते हे बघायचं असेल, तर एलीयाला तोड नाही.

यिर्मया याच्या अगदी उलट. त्याच्या नावाच्या पुस्तकाचे ५२ अध्याय, आणि माणूस इतका उघडा की कधी कधी वाचताना आपल्यालाच संकोच वाटतो. ११ ते २० या अध्यायांत तो देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो. ३८व्या अध्यायात त्याला चिखलाच्या हौदात सोडतात. एबद-मलेख नावाचा कूशी सेवक दोरासोबत जुन्या चिंध्याही खाली टाकतो आणि सांगतो, काखेत धर, दोर काचणार नाही. इतका बारीक तपशील एलीयाच्या गोष्टीत कुठेच नाही. बाहेरचा पुरावाही जवळचा : ३४व्या अध्यायाच्या ७व्या ओवीत बाबेलच्या स्वारीत लाखीश आणि अजेका ही यहूदाची शेवटची टिकलेली नगरं आहेत, आणि लाखीशच्या उत्खननात मिळालेल्या एका खापरावर लिहिलंय की आम्ही लाखीशच्या खुणेच्या आगीवर नजर ठेवून आहोत, अजेका दिसत नाही.

पण क्रम? त्याची पार वाट लागलेली. २१व्या अध्यायात यहूदाचा राजा सिद्कीया याच्या काळातला यरुशलेमचा वेढा, २५व्यात एकदम मागे, आधीचा राजा यहोयाकीम याचं चौथं वर्ष. सरळ वाचत गेलात तर दहाव्या अध्यायापर्यंत पुस्तक मिटाल. वहीत योशीया, यहोयाकीम, सिद्कीया हे तीन राजे आणि यरुशलेम पडल्यानंतरचा काळ असे चार रकाने आखा. ज्या अध्यायाला काळ दिलाय तो तिथे टाका, बाकीचे पेन्सिलीने शेवटी. शिवाय या पुस्तकाचं जुनं ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने छोटा, मांडणीही वेगळी, आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत दोन्ही वळणांच्या हिब्रू प्रती सापडल्या. पहिल्या वाचनात या भानगडीत पडू नका.

आठवडाभरच वेळ असेल, किंवा घरातल्या मुलांना सोबत घ्यायचं असेल, तर एलीया. दोन-तीन महिने देता येत असतील तर मी डोळे झाकून यिर्मया म्हणेन. चरित्र म्हणावं असं तिथेच आहे.

फक्त सुरुवात पहिल्या अध्यायापासून नको, ३६व्यापासून करा. हिवाळा आहे, यहोयाकीमपुढे शेगडी पेटलीय. लेखनिक बारूखने यिर्मयाच्या तोंडून उतरवून घेतलेली गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून आगीत टाकतो. सगळी गुंडाळी जळते. यिर्मया दुसरी घेतो, बारूख पुन्हा लिहायला बसतो. अध्याय संपतो तिथे म्हटलंय की या वेळी तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. ५२ अध्यायांचा तो पसारा कसा वाढला असेल, याचा पहिला अंदाज तिथे येतो.