अमेरिकन नागरिकत्वाची जुनी परीक्षा, नवी परीक्षा: आता अर्ज करावा की थांबावं?

आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर शंभर पानी वही उघडली आणि पहिलंच विचारलं, "अगं, शंभर प्रश्न होते तेव्हाच अर्ज भरला असता तर बरं झालं असतं ना?" ती ६६ वर्षांची आहे आणि ग्रीन कार्डवर तिला ८ वर्षं झाली आहेत. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत सध्या हाच प्रश्न आहे. मुलांमागून इकडे आलेले आई-वडील प्रश्नांचा आकडा ऐकूनच मागे सरतात. म्हणून दोन्ही परीक्षा शेजारी शेजारी ठेवून बघते.

जुनी म्हणजे २००८ची नागरिकशास्त्राची परीक्षा. १०० प्रश्नांची यादी, त्यातले जास्तीत जास्त १० तोंडी विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. नवी परीक्षा २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज दाखल केलेल्यांना लागू आहे. यादी १२८ प्रश्नांची, विचारणार जास्तीत जास्त २० आणि पास व्हायला १२ बरोबर हवेत. १२ बरोबर झाले किंवा ९ चुकले की अधिकारी तिथेच थांबतो. अर्ज त्या तारखेआधीचा असेल तर मुलाखत कितीही उशिरा होवो, तुम्हाला जुनीच परीक्षा आहे. अशांनी नवी यादी उगाच पाठ करत बसू नये.

ही यादी अगदी नवी कोरी नाही. १ डिसेंबर २०२०ला १२८ प्रश्नांची परीक्षा एकदा आली होती आणि २०२१च्या सुरुवातीला ती मागे घेतली गेली. तेव्हा मात्र पास झालात तरी वीसच्या वीस प्रश्न विचारत असत. आता तसं नाही, ही खरी सवलत आहे.

आता आकड्यांच्या भीतीबद्दल. पास होण्याचं प्रमाण दोन्हीकडे ६० टक्केच आहे. मी कागदावर गणित मांडून पाहिलं. यादीतले १०० पैकी ८० प्रश्न पक्के येणारा माणूस जुन्या पद्धतीत साधारण ९७ टक्के वेळा पास झाला असता; नव्या पद्धतीत तो जवळपास ९९ टक्के वेळा होईल. ज्याला निम्मेच येतात त्याची शक्यता मात्र ३८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर येते. प्रश्न जास्त असले की नशिबाचा भाग कमी होतो. अभ्यास केलेल्याला नवी परीक्षा सोयीची आहे, वरवर वाचून जाणाऱ्याला महाग पडेल.

अवघड झाले आहेत ते प्रश्न. जुन्या यादीत सरकारची एक शाखा सांगितली तरी चालायचं. आता तिन्ही सांगायच्या. मूळच्या १३ राज्यांपैकी तीन सांगायची होती, आता पाच. राष्ट्रीय सुट्ट्या दोनच्या तीन झाल्या. भूगोल जवळपास गेला: सर्वांत लांब नदी, पश्चिम किनाऱ्यावरचा महासागर हे सोपे गुण आता नाहीत. त्याजागी 'का' विचारणारे प्रश्न आले. फेडरलिस्ट पेपर्स महत्त्वाचे का होते? अमेरिका कोरियाच्या युद्धात का उतरली? दहाव्या घटनादुरुस्तीचा उद्देश काय? शाळेत इतिहासाच्या पुस्तकाला जोडून आलेलं नागरिकशास्त्र आपण घोकून लिहिलं, तेवढ्यावर हे भागत नाही. पण समजून घेतलं तर उत्तरं एकमेकांत गुंफलेली दिसतात. कोरिया आणि व्हिएतनाम दोन्हीचं उत्तर साम्यवादाचा प्रसार रोखण्यासाठी असंच आहे, आणि शीतयुद्धातली मुख्य चिंता विचारली तरी साम्यवाद हे उत्तर चालतं.

पाच मूळ राज्यांसाठी आईने स्वतःच युक्ती काढली. माझा भाऊ बॉस्टनला असतो. त्याच्याकडे गाडीने जाताना आय-९५ महामार्गावर आधी न्यू जर्सी, मग न्यू यॉर्क, कनेटिकट, ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स लागतं. पाचही मूळ तेरातलीच! आता ती डोळे मिटून रस्ता आठवते आणि सांगते.

इंग्रजीची परीक्षा बदललेली नाही. तीनपैकी एक वाक्य वाचायचं, तीनपैकी एक लिहायचं, आणि बोलण्याची परीक्षा अर्जावरच्या प्रश्नोत्तरांतच होते. माझ्या मते आपले आई-वडील अडकतात ते इथे. लिंकन कोण हे त्यांना ठाऊक असतं, पण अर्जातल्या होय-नाहीच्या प्रश्नांमधले कायद्याचे शब्द आणि शपथेतला 'अलिजन्स' (निष्ठा) कानावर पडला की गोंधळ उडतो. तयारीचा निम्मा वेळ नागरिकशास्त्राला द्या, निम्मा एन-४०० मोठ्याने वाचून घ्यायला. आमच्याकडे रोज जेवणानंतर मी अधिकारी होते आणि आई उत्तर देते. समजलं नाही तर "प्लीज रिपीट" म्हणायची तिला आता लाज वाटत नाही.

सवलती मात्र नीट मोजून बघाव्यात, कारण थांबायचं की नाही ते त्यांवर ठरतं. अर्ज करताना वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्र आपल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, दुभाषामार्फत देता येतं. दुभाषा आपणच न्यायचा असतो. तो शक्यतो घराबाहेरचा आणि दोन्ही भाषा उत्तम येणारा असावा. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर यादीच २० प्रश्नांची होते. त्यातले १० विचारतात, ६ बरोबर लागतात, आणि तेही आपल्या भाषेत चालतं. गंभीर आजार किंवा स्मरणशक्तीच्या त्रासामुळे शिकणंच शक्य नसेल तर डॉक्टरांनी भरलेल्या एन-६४८ अर्जाने सूट मागता येते.

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवते. माझे काका ६९ वर्षांचे आहेत आणि ग्रीन कार्डवर त्यांना साडेअठरा वर्षं झाली आहेत. ते आजही १२८ प्रश्न मराठीतून देऊ शकतात, पण दीड वर्ष थांबले तर २० प्रश्नच पुरतात. त्यांना घाई नाही, भारतात जाणं-येणं कमी आहे. मी त्यांना थांबायला सांगितलं. आईचं उलट आहे. मराठीतून परीक्षा द्यायला तिला आणखी ७ वर्षं आणि २० प्रश्नांच्या सवलतीसाठी १२ वर्षं थांबावं लागेल. तोवर ती ७८ची होईल. या वयात ७ वर्षं थांबणं म्हणजे स्मरणशक्तीवर पैज लावणं, आणि ते मला मान्य नाही. माझा ठोकताळा सरळ आहे: सवलत एक-दोन वर्षांवर असेल तर थांबा, त्याहून लांब असेल तर आता अभ्यासाला बसा. रोज तीन प्रश्न केले तरी १२८ प्रश्न दीड महिन्यात एकदा पुरे होतात.

थांबण्याचा दुसरा धोका प्रवासाचा. आपले आई-वडील हिवाळाभर गावी राहतात. एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जाऊ शकतं. शिवाय पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष इथे असावं लागतं. अर्ज करण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के काढून तारखा लिहून बघा. परीक्षेत नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत नापास झालेल्या भागाची आणखी एक संधी मिळते. पण दिवसांचा हिशोब चुकला तर अर्जच पडतो. आणि पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा फी: ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०. उत्पन्न कमी असेल तर ती कमी होऊ शकते.

परीक्षेपलीकडचं एक घरी आधीच बोलून घ्यावं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घ्यायचं. ओसीआयवर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही; वारसाने आलेली ठेवता येते. आईचा जीव कराडजवळच्या तीन एकरांत अडकला होता. ती जमीन वारशाने आलेली आहे हे कळल्यावर त्या रात्री तिला नीट झोप लागली.

शेवटची एक सूचना. राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल, सिनेटर, सभागृहाचे सभापती ही नावं निवडणुकीनंतर बदलतात. मुलाखतीच्या दिवशी पदावर असलेली व्यक्तीच बरोबर उत्तर असते, म्हणून जुन्या छापील पुस्तिकेवर विसंबू नका. आईच्या वहीत ही उत्तरं आम्ही पेन्सिलीने लिहिली आहेत. तिचा अर्ज गेला आहे. १२८पैकी ९४ प्रश्नांपुढे खूण आहे, आणि अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेले हॅमिल्टन कशासाठी प्रसिद्ध हे ती रोज सकाळी चहा उकळताना म्हणते.