कोच की मेंटॉर? व्याख्येत न मावणारा फरक
मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की आधी दहावी-बारावीचा शिकवणी वर्ग डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे व्यावसायिक कोचिंग, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःचे उत्तर शोधायला मदत करणे, समजावून सांगताना सुरुवातच अडखळते. परंतु अधिक अवघड गोंधळ कोच आणि मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, यांच्यात होतो.

नुकतीच व्यवस्थापक झालेली एखादी अभियंता सहकाऱ्यांवर कामे सोपवू शकत नसेल, तर त्याच क्षेत्रात वीस वर्षे काढलेला मेंटॉर आपण कोणत्या चुका केल्या आणि त्यांतून कसे सावरलो, हे तिला सांगेल. कोच त्या क्षेत्रातला जाणकार असेलच असे नाही. काम दुसऱ्याच्या हाती देताना नेमकी कशाची भीती वाटते आणि या आठवड्यात ती कोणते एक काम सोडणार आहे, हे तो विचारेल. माहितीच अपुरी असेल तर मेंटॉर गाठावा; कळते पण वळत नाही अशी अवस्था असेल तर कोच अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

१९९५ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही कोचची आंतरराष्ट्रीय संघटना कोचिंगला विचारप्रवर्तक, सर्जनशील भागीदारी मानते. ही व्याख्या मला मनापासून आवडते, तरी ती उत्तम शिक्षकालाही लागू पडते, हीच तिची अडचण आहे. युरोपात तर १९९२ साली मेंटॉरिंगसाठी सुरू झालेल्या संस्थेने पुढे आपल्या नावातच कोचिंगचाही समावेश केला. प्रत्यक्षातही अनुभवी कोच क्वचित प्रसंगी सल्लाही देतो. मात्र त्याआधी तो समोरच्या व्यक्तीची परवानगी घेतो.